पाळण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर?

१/
मार्च २०१८. महाराष्ट्र शासनाने अंगणवाडी सेविकांना ‘मेस्मा’ लागू केला. अत्यावश्यक सेवा अखंड चालाव्यात यासाठीचा हा कायदा. त्याच्या कक्षेत येणाऱ्याने बंदी असताना संप केला, तर तो गुन्हा ठरतो. बालकांच्या पोषणात खंड पडू नये, असे कारण देण्यात आले. विरोधकांबरोबर सत्तेतील मित्रपक्षानेही आवाज उठवला आणि काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती मिळाली. प्रकरण मिटले. त्यातून उघडी पडलेली विसंगती मात्र आजही तशीच आहे.

२/
पगार मागताना जी बाई ‘मानसेवी’, तीच संप करताना ‘अत्यावश्यक’. वेतनश्रेणीचा किंवा निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की ती स्वेच्छेने समाजसेवा करणारी ठरते. तिने काम थांबवले की तिच्यावाचून राज्याचा गाडा अडतो. ही दोन्ही विधाने एकाच तोंडाने करता येत नाहीत, तरीही ती केली जातात. हा दोष कोणा एका सरकारचा नाही. त्याला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुंबईच्या कापड गिरण्यांपासून सुरू होतो. हा धागा त्या इतिहासाचा.

३/
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. लहान मूल सांभाळायला खर्च येतो. सरकारने तो केला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढतो. कधी आईच्या बुडालेल्या मजुरीच्या रूपाने, कधी थोरल्या बहिणीच्या सुटलेल्या शाळेच्या रूपाने, कधी सेविकेच्या तुटपुंज्या मानधनाच्या रूपाने. आणि उरलेली बाकी ते मूल स्वतः आयुष्यभर फेडत राहते. राज्यकर्ते ज्याला बचत म्हणत आले, ती प्रत्यक्षात उधारी आहे. ती घेणारे एक आणि फेडणारे दुसरे.

४/
विसाव्या शतकाच्या विशीत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांपैकी एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही मुख्यतः बायकांची खाती. काम बहुधा उक्ते: जितके सूत, तितके दाम. दिवस दहा तासांचा. कोकणातून आणि देशावरून आलेल्या या बायकांच्या घरी सासू किंवा जाऊ असेलच, याची शाश्वती नव्हती. मग पाळण्यातल्या मुलाचे काय?

५/
त्याचे उत्तर अफू हे होते. ‘बाळागोळी’ या नावाने अफूची गोळी मिळत असे. सकाळी भोंग्याआधी ती तान्ह्याला चाटवली की मूल निपचित पडून राही. ही काही एखाददुसऱ्या घरची गोष्ट नव्हती. मुंबई सरकारने नेमलेल्या स्त्री डॉक्टरच्या पाहणीत ती सर्रास आढळली आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या राजकीय श्रम आयोगानेही, म्हणजे व्हिटली आयोगानेही, तिची नोंद घेतली. ‘अडाणी आया’ म्हणून त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ होते. त्या आयांना चार दमड्यांची गोळी सोडून दुसरी कोणती सोय परवडण्यासारखी होती, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

६/
हा प्रश्न विचारणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी होते. ते या आयोगाचे सदस्यही होते. मोठ्या संख्येने स्त्रिया जिथे काम करतात, त्या कारखान्यांत पाळणाघर असावे, अशी शिफारस आयोगाने केली. १९३४ च्या कारखाने कायद्यात ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर तशी सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ही तरतूद बंधनकारक केली आणि १९७६ मध्ये ५० चा आकडा ३० वर आणला. कागदावर प्रगती झाली. खर्चाचा बोजा मात्र एकाच खांद्यावर राहिला: मालकाच्या.

७/
इथे २८ जुलै १९२८ ची तारीख लक्षात घ्यावी लागते. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि एक मूलगामी मुद्दा मांडला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोककल्याण ही मूलतः सरकारची जबाबदारी आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनेच उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्त्रियांच्या श्रमातून मालकाला लाभ होतो, त्यामुळे तोही पूर्णपणे मोकळा सुटत नाही, हेही त्यांनी सांगितले.

८/
कायदा १९२९ मध्ये झाला. त्यातला मालकाचा वाटा तेवढा घेतला गेला, सरकारचा वाटा वगळला गेला. परिणाम काय झाला? स्त्री कामगार ही मालकाच्या हिशेबात ‘महाग’ ठरली. गिरण्यांतून बायका कमी होण्यामागे इतरही कारणे होती: रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, कामगारकपात. परंतु बाईला कामावर ठेवले की बाळंतपण आणि पाळणाघर दोन्ही गळ्यात पडणार, हा हिशेब कपातीच्या वेळी तिच्या विरोधात गेला. सत्तरच्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांतले स्त्रियांचे प्रमाण नगण्य झाले. आईच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचा खर्च अखेर आईनेच नोकरी गमावून भरला.

९/
हाच धडा २०१७ मध्ये पुन्हा विसरला गेला. मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. तरतूद स्वागतार्ह होती, तिचा सारा खर्च मात्र पुन्हा मालकाकडेच. सरकारी तिजोरीतून त्यात वाटा नाही. आणि देशातल्या बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया शेतात, बांधकामावर, घरकामात, विडीच्या सुपासमोर. त्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचतच नाही.

१०/
गिरणगावाच्या उत्तरेला, डहाणूच्या किनाऱ्यावर, या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले जात होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसोरी पद्धतीवर त्यांची श्रद्धा होती, पण एक बोच कायम होती. ती साधने महाग, ते वर्ग शहरी आणि सुखवस्तू घरांतील मुलांचे. बालशिक्षणाची सर्वाधिक गरज असलेले मूल त्या वर्गाच्या दारापर्यंतही येत नव्हते.

११/
१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या या शिक्षिकेने पुढली जवळजवळ पाच दशके या कामाला दिली. परदेशी साधनांची जागा शिंपले, गारगोट्या, चिंचोके, पाने आणि बांबू यांनी घेतली. स्वस्त साधन म्हणजे हलके शिक्षण, हा समज या दोघींनी मोडीत काढला. मुलाची इंद्रिये, भाषा आणि हात यांना वळण देण्याचे तत्त्व तेच राहिले. बदलली ती फक्त सामग्री.

१२/
तरीही वस्तीतली सारी मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, शिक्षिका मुलांना जमवू लागली. आंघोळ, नखे, गाणी, गोष्टी आणि खेळ तिथेच होऊ लागले. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा जन्म या अनुभवातून झाला. आज देशभर, अनेक भाषांत रूढ असलेला हा शब्द ठाणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या दलित आणि आदिवासी पाड्यांची देणगी आहे. मूल शाळेत येत नसेल तर दोष मुलाचा नाही, शाळेच्या जागेचा आणि वेळेचा आहे, हा विचार त्या शब्दात सामावला आहे.

१३/
पुढे हे काम वारली वस्त्यांमध्ये, कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे आणखी एक अडथळा समोर आला. थोरली मुलगी शाळेत यायला तयार होती, परंतु तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. आईबाप मजुरीला गेलेले. भावंड टाकून ती येणार कशी? यावर उत्तर म्हणून ‘विकासवाडी’ उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर अनुताईंनी ‘कुरणशाळा’ चालवली.

१४/
विकासवाडीच्या रचनेत अर्थशास्त्राचा एक संपूर्ण धडा आहे. एका पाळण्यामुळे तीन माणसे मोकळी होतात. आई कामाला जाते, थोरली बहीण शाळेत बसते आणि तान्हे सुरक्षित राहते. हा पाळणा काढून घेतला तर तिघांचेही नुकसान होते, पण ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. धरण बांधले नाही तर कोरडी राहिलेली जमीन मोजता येते. पाळणाघर बांधले नाही तर शाळेबाहेर राहिलेली मुलगी ‘घरी मदत करते’ एवढ्या तीन शब्दांत मावते.

१५/
२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांद्वारे एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण या तिच्या सहा सेवा. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. जगातल्या सर्वांत मोठ्या बालविकास व्यवस्थांपैकी ही एक. तिने लाखो मुलांच्या मुखी घास घातला, याविषयी दुमत नाही. तिच्या पायाशी झालेली काटछाट मात्र पाहिली पाहिजे.

१६/
शासनाने कोसबाडहून अंगण उचलले आणि पाळणा तिथेच ठेवला. तीन वर्षांखालच्या मुलाला या योजनेत आहार आणि लस मिळते, दिवसभर राहण्याची जागा मिळत नाही. अंगणवाडी भरते चार-पाच तास; आईची मजुरी असते आठ-नऊ तासांची. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मुलाला घ्यायला कोण येणार, याचे उत्तर योजनेकडे नाही. पाड्यावर ते सर्वांना ठाऊक आहे: थोरली बहीण. ताराबाईंनी ज्या मुलीसाठी विकासवाडी रचली, तीच मुलगी योजनेच्या आखणीतून सुटली.

१७/
ही मुलगी ऊसतोडीच्या फडावर आजही भेटते. तोडणीचा व्यवहार ‘कोयत्या’वर चालतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीला. पहाटे दोघे फडात गेल्यावर कोपीवर तान्हे राहते आणि त्याच्याजवळ आठ-दहा वर्षांची मुलगी. साखरेच्या प्रत्येक पोत्याच्या उत्पादनखर्चात तिचे श्रम आहेत. कारखान्याच्या ताळेबंदात, मुकादमाच्या वहीत आणि शासनाच्या आकडेवारीत मात्र ती कुठेच नाही. बीड जिल्ह्यातून दर हंगामात निघणाऱ्या गाड्यांत असे कितीतरी न मोजलेले हात असतात.

१८/
हे श्रम मोजणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तसे करून दाखवले. कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करायची आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यायची, अशी तरतूद त्यात होती. माती खणणे हे काम, तसेच मूल सांभाळणे हेही काम. दोन्हींचा दर एक. अंमलबजावणी ढिली राहिली, हे खरे. परंतु बालसंगोपनाला ‘मजुरी’ म्हणायला कायद्याची जीभ अडखळत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

१९/
अंगणवाडीच्या बाबतीत ती जीभ का अडखळते? कारण तिथे ‘मानधन’ हा शब्द आहे. मान आणि धन यांचा हा समास मोठा चतुर आहे: मान भरपूर द्यायचा, म्हणजे धनाची चर्चा टळते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये. त्यानंतर कित्येक वर्षे हा आकडा हलला नाही. राज्ये आपापली भर घालतात, ती राज्याच्या मर्जीनुसार आणि बहुधा संपानंतर.

२०/
या मानधनात ती काय काय करते? मुलांना शिकवते, वजन-उंची घेते, आहार वाटते, गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवते, मोबाइलवर माहिती भरते, गावात कोणतेही सर्वेक्षण निघाले की दारोदार फिरते. करोनाच्या काळात घरोघरी जाऊन चौकशी करणाऱ्यांत ती होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी दिवसातून तिच्या हाती उरतो तो उरलासुरला वेळ. आणि मग म्हटले जाते, ‘अंगणवाडीत काही शिकवत नाहीत, नुसती खिचडी वाटतात.’

२१/
न्यायालयांचा प्रवासही बोलका आहे. २००६ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचे पद हे ‘नागरी सेवेतील पद’ नाही, असा निर्वाळा दिला. १६ वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील दाहोदच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचे ठरवले. त्यांना मिळणारे मानधन हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापुरते ‘वेतन’च आहे, असे न्यायालयाने मानले. शब्दाचा बुरखा निदान एका कायद्यापुरता फाटला.

२२/
बालकाच्या हक्काचे काय झाले, तेही पाहावे. मूळ संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात १४ वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व होते. खालची वयोमर्यादा तिथे नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, तो फक्त ६ ते १४ वयोगटासाठी. सहाखालची मुले ‘राज्य प्रयत्नशील राहील’ या वाक्यात ढकलली गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’ एवढेच म्हटले आहे. पाया घालणे ऐच्छिक आणि भिंती बांधणे बंधनकारक, असा हा स्थापत्यशास्त्राचा अजब नमुना.

२३/
आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत जुना: ‘पैसा कुठून आणायचा?’ १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हाही खर्चाचाच बागुलबुवा उभा केला गेला आणि पुढच्या वर्षी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आज प्राथमिक शिक्षणावरचा खर्च उधळपट्टी आहे, असे म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. शंभर वर्षांपूर्वी ते म्हणणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांना फक्त खर्चाची बाजू दिसत होती.

२४/
पैसा असतो, प्रश्न निकडीचा असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शस्त्रे आणि जहाजे बांधायला बायकांचे हात हवे होते. तेव्हा खासगी उद्योगाचे माहेरघर असलेल्या त्या देशाच्या सरकारने ‘लॅनहॅम कायद्या’खाली देशभर अल्पदरातली पाळणाघरे चालवली. युद्ध संपले आणि १९४६ च्या आरंभी निधी थांबला. पुरुष परतले होते. बायकांनी घरी जावे अशी अपेक्षा होती. तिजोरी तीच, मुले तीच. बदलली होती ती राज्याची गरज.

२५/
खर्चाच्या समोरची जमेची बाजूही मोजली गेली आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर ‘पेरी प्रीस्कूल’ प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ मुलांना उत्तम दर्जाचे पूर्वप्राथमिक शिक्षण मिळाले. ही मुले चाळिशीला पोहोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांच्या हिशेबाने त्या गुंतवणुकीवर समाजाला वर्षाला ७ ते १० टक्के परतावा मिळाला: वाढलेली कमाई, कमी झालेली गुन्हेगारी. इतका परतावा देणारे सार्वजनिक बांधकाम शोधावे लागेल.

२६/
परदेशचे उदाहरण नको असेल, तर तामिळनाडूचे घ्यावे. तिथल्या ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास झाला. त्यांपैकी काही केंद्रांत केवळ शिकवण्यासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती नेमली गेली. प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलांचे गणित आणि भाषा सुधारली. जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली, त्यामुळे तीव्र कुपोषणही घटले. संशोधकांच्या अंदाजाने खर्चाच्या १३ ते २१ पट लाभ. नवी इमारत नाही, टॅबलेट नाही. फक्त आणखी एक माणूस.

२७/
दुसरा आक्षेप: ‘मूल सांभाळणे आईचे काम, त्याचा पैशात हिशेब कसला?’ हिशेब न करणे हाही एक हिशेबच असतो. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत घरातली बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांतला दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७ मिनिटे. हा वेळ वात्सल्यातून येतो, हे कुणी नाकारत नाही. शेतकऱ्याचेही जमिनीवर प्रेम असते, म्हणून धान्य फुकट मागण्याची प्रथा नाही.

२८/
तिसरा आक्षेप: ‘खासगी नर्सरी आहेतच की.’ आहेत, गल्लोगल्ली आहेत. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन इंग्रजी मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या, गृहपाठ देणाऱ्या, ‘ॲडमिशन’साठी मुलाखत घेणाऱ्या. ताराबाईंचा संघर्ष नेमका याच कोंडणुकीविरुद्ध होता. ज्याला फी परवडते त्याला शिक्षणाचा आभास विकत मिळतो. ज्याला परवडत नाही त्याला तोही नाही. कमी पगारावर राबणारी तिथली शिक्षिका बहुधा सेविकेहूनही असुरक्षित असते.

२९/
इथे एक पथ्य पाळले पाहिजे. केवळ स्वस्त पाळणाघरे उघडून भागत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरांत बालसंगोपन देऊ केले. आया मोठ्या संख्येने कामावर गेल्या. परंतु विस्ताराच्या घाईत दर्जा सर्वत्र सारखा राहिला नाही आणि काही अभ्यासांत मुलांच्या वर्तनावर प्रतिकूल परिणाम दिसले. म्हणजे आईचा लाभ परवडणाऱ्या दरातून येतो, मुलाचा लाभ दर्जातून. आणि दर्जा येतो तो शिकलेल्या, स्थिर आणि पोटभर पगार मिळणाऱ्या माणसातून. मानधनावर दर्जा मागणे हा अप्रामाणिकपणा आहे.

३०/
मागण्या नव्या नाहीत, गुंतागुंतीच्याही नाहीत. अंगणवाडीची वेळ आईच्या कामाच्या वेळेशी जुळवावी. प्रत्येक केंद्रात शिकवण्यासाठी स्वतंत्र कार्यकर्ती असावी. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणा असावा. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेने १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट ठेवले, पण १४ लाख केंद्रांसमोर तो आकडा शेकड्याला सव्वाइतकाच. ऊसतोडीच्या तळांवर आणि बांधकामांवर पाळणाघर हंगामासह उभे राहावे. सहा वर्षांखालच्या मुलाचा हक्क कायद्यात ‘करू शकेल’ऐवजी ‘करील’ या क्रियापदाने यावा. आणि ‘मानधन’ हा शब्द रद्द होऊन तिथे ‘वेतन’ लिहिला जावा.

३१/
खर्चाची वाटणीही १९२८ मध्येच सांगून झाली आहे: मोठा भाग सरकारचा, उरलेला ज्याला त्या श्रमाचा लाभ होतो त्याचा. त्यानंतर कायदे अनेक झाले, आयोग बसले, योजना नावे बदलत राहिल्या. बाबासाहेबांचा तो एक मुद्दा मात्र प्रत्येक वेळी बाजूला ठेवण्यात आला. ज्या राज्यात तो मांडला गेला, ज्या राज्यात अंगणवाडीचा शब्द घडला, त्या राज्याला तरी ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ ही सबब उपलब्ध नाही.

३२/
गिरणगावातल्या आईने अफूची गोळी दिली, तेव्हा तिला दोष देणे सोपे होते. आज गोळी नाही. तिच्या जागी कोपीवर बसलेली मुलगी आहे आणि चार-साडेचार हजारांच्या केंद्रीय मानधनावर गावाचे भविष्य सांभाळणारी सेविका आहे. या दोघींच्या श्रमांवर राज्याची जी बचत उभी आहे, तिचे खरे नाव कर्ज आहे. ते फेडण्याची पहिली पायरी म्हणजे ते वहीत लिहिणे. वही शासनाची आहे, लेखणीही शासनाचीच आहे.